राखणदाराचा वाटा

होड्या लागतात त्या तरीवरचा पोलीस चंद्रावतीला कधी अडवत नसे. ती होडीतून उतरली की तो तिच्या डोक्यावरच्या टोपलीकडे बघायचा आणि विचारायचा, "राखणदाराची काय गो?"

"होय," ती म्हणायची.

मग तो टोपीला हात लावायचा. तिला नव्हे, टोपलीतल्या बाटलीला. दारूबंदी येऊन सात-आठ वर्षं झाली होती, बाटली सापडली तर बाप्ये मालवणच्या कचेरीत बसायचे, पण राखणदाराच्या वाट्याला हात लावायची छाती खाकीतल्या माणसालाही नव्हती. तो जवळच्याच गावचा होता. त्याच्याही घरामागे कुठेतरी असा एखादा दगड असणारच.

आठवड्यातून तीन दिवस, रविवार, बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे आपल्याकडे ज्या दिवशी चुलीवर मासळी चढते त्या दिवशी, चंद्रावती खाडी ओलांडून माहेरी जायची. थोरला भाऊ धोंडू माडाच्या बुंध्याशी पुरलेली बाटली काढून द्यायचा. ती टोपलीतल्या सुक्या सुंगटांखाली, म्हणजे कोळंबीखाली, ठेवून ती परत यायची आणि तिन्हीसांजेला केवड्याच्या बेटातून वाट काढत उंडीच्या झाडाखाली जायची. तिथे जांभ्या दगडाचा राखणदार होता. हातभर उंच, शेंदूर नाही, डोळे नाहीत. त्याच्यापुढे बाटली ठेवायची, सोबत भाजलेली चार सुंगटं आणि एक विडी. हात जोडायचे आणि वळून चालू लागायचं. बाटली मग दगडापुढच्या मातीत रिकामी होते, असं धोंडू सांगायचा. मागे वळून बघायचं नाही, ही धोंडूचीच ताकीद. बघितलं तर वाटा नासतो, आणि ज्याच्यासाठी वाटा दिला त्याच्यावर उलटतो.

सकाळी धोंडू उंडीकडून येताना रिकामी बाटली घेऊन यायचा. "घेतल्यान गो," एवढंच म्हणायचा. चंद्रावतीचा जीव भांड्यात पडायचा. अजून दोन दिवस नवरा वाचला.

कारण तो वाटा नवऱ्याचा होता.

चंद्रावतीचा नवरा बाबली हा त्या किनाऱ्यावरचा पहिल्या प्रतीचा माडी काढणारा. दिवसातून तीन वेळा तीस-तीस माड चढायचा. कमरेला कोयती, पाठीला भोपळा, आणि वरून गाणं. माडाच्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाला, हलक्या हाताने ठोकायची कला असते. जोराने ठोकलं तर पोय मरते, हळू ठोकलं तर पाझरत नाही. बाबलीचा हात असा होता की त्याच्या माडाला दुसऱ्याच्या दुप्पट माडी यायची. चंद्रावतीच्या बापाची भट्टी होती, सरकारी परवान्याची. बाबलीची माडी त्या भट्टीत जायची, आणि तिथेच त्याने चंद्रावतीला बघितली.

तेव्हा दारूची कोणाला लाज नव्हती. बाळंतिणीला चमचाभर द्यायचे, थंडीत समुद्रातून आलेल्या माणसाच्या छातीला चोळायचे, लग्नात व्याह्याला पहिला पेला द्यायचे, आणि सगळ्यांच्या आधी जमिनीवर चार थेंब सांडायचे ते राखणदाराचे. पिऊन पडणारे तेव्हाही होते. पण बाबली त्यातला नव्हता. जो माणूस दिवसातून नव्वद वेळा माड चढतो त्याला पिऊन चालत नाही.

दारूबंदी आली आणि त्याची कोयती खुंटीला लागली. तो रापणीवर, किनाऱ्यावरच्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढायला, जाऊ लागला. चाळीशीच्या माणसाला पोरासोरांबरोबर वाळूत उभं राहून दोर ओढावा लागतो, त्याचं काय होत असेल ते चंद्रावतीला कळायचं. दुपारी तो घरामागे जाऊन नुसता माडांकडे बघत बसायचा. मग धोंडूकडे जाऊ लागला. धोंडूने भट्टी खाजणातल्या झुडपात नेली होती. पूर्वी जो मापाने प्यायचा तो आता बंदी आल्यावर बिनमापाने पिऊ लागला.

सहा वर्षांत त्याचे हात काटक्यांसारखे झाले आणि पोट नवव्या महिन्याच्या बाईसारखं. डोळे हळदीत बुडवल्यासारखे. पाय दाबला तर बोटाचा खड्डा तसाच राहायचा. पौष महिन्यात चंद्रावतीने त्याला होडीत घातलं आणि मालवणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोटात सुई घातली आणि घागरभर पाणी काढलं.

"बाई, यांचं यकृत दगडासारखं झालंय," डॉक्टर म्हणाले. "दारू आता पूर्ण बंद. एक थेंबही नाही. थेंब म्हणजे विष समजा. बंद केली तर अजून काही वर्षं काढतील. नाही तर पुढची नारळी पौर्णिमा बघणार नाहीत."

घरी येऊन बाबलीने तुळशीवर हात ठेवला. रडला. "चंद्रा, सोडलंय बघ," म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्याला रडताना बघितलं, आणि त्या रडण्यावर विश्वास ठेवला.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात एवढे थरथरायला लागले की पेजेची वाटी तोंडापर्यंत जाईना. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरचे खेकडे, कुर्ल्या, पकडू लागला. भिंतीवर काही नव्हतं. "ही बघ, ही बघ मोठी, धर गो!" म्हणून ओरडायचा. अंगाला घाम, डोळे फिरलेले. चंद्रावती घाबरून होडीत बसली आणि भावाकडे गेली. डॉक्टरांनी याबद्दल काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिला कळलं नव्हतं.

धोंडू आला. त्याने मेहुण्याकडे बघितलं, बाहेर जाऊन विडी ओढली, आणि आत येऊन म्हणाला, "बाय, ह्या आजारपण न्हय. राखणदार खवळलो हा. इतकी वरसां ह्याच्या हातान तेका चार थेंब गावत होते. तू एका दिवसात सगळा बंद केलंस. सोडूचा आसा तर सोडूंदे, पण तेचो वाटो तेका पोचूक व्हयो."

धोंडू गावचा मानकरी होता. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याच संध्याकाळी उंडीखाली उभं राहून त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, ह्या खाडीच्या आनी ह्या वाडीच्या राखण्या म्हाराजा, आज ह्या लेकरान दारू सोडल्यान हा. तेच्या ओठाचो वाटो आजपासून तुझो. तेची बायल आपल्या हातान तो पोचवतली. गोड मानून घे आनी तेचो जीव राख."

"होय म्हाराजा," चंद्रावती म्हणाली. तिच्याबरोबर दुसरं कोणी म्हणायला नव्हतं.

त्या दिवशी तिने पहिली बाटली ठेवली आणि मागे न बघता घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली शांत झोपला होता. हात थांबले होते. भिंतीवरच्या कुर्ल्या गेल्या होत्या. देव आहे याचा याहून मोठा पुरावा कोणाला हवा?

शिमग्यापर्यंत सगळं बरं होतं. बाबली जेवायचा, जाळं विणायचा, कधीकधी गुणगुणायचा. चंद्रावती बाजारात मासळी विकायची, आणि त्यातली सगळ्यात चांगली ती धोंडूच्या घरी द्यायची, बाटलीच्या बदल्यात. त्याची बायको सावित्री मासळी घेताना एकदा हसत म्हणाली, "वन्सं, तुमचो राखणदार लय पिता हां."

"देवाची थट्टा करू नको, वयनी," चंद्रावती म्हणाली. "तोंड सडतला."

सावित्रीने मासळी उचलली आणि ती आत गेली.

वैशाखात बाबलीचं पोट पुन्हा फुगू लागलं. चंद्रावतीला आधी वाटलं, अंग धरलंय. मग पाय सुजले. मग डोळ्यांत तीच हळद. आषाढ लागला, पाऊस थोडा थांबला तशी ती त्याला घेऊन पुन्हा मालवणला गेली.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, आणि बाबलीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. दार लावून तिला म्हणाले, "बाई, हे पीत आहेत."

"नाही डॉक्टर," चंद्रावती म्हणाली. डॉक्टरांसमोर ती जमेल तसं शुद्ध बोलायची. "पौषापासून एक थेंब नाही. मी असते ना घरी."

"चोवीस तास असता?"

"वाडीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. कोण देत नाही त्यांना."

"मी तुमच्यासारखी माणसं रोज बघतो. बायका नवऱ्याला पाठीशी घालतात आणि मग माझ्या दारात येऊन रडतात. खरं सांगितलंत तर मला औषध तसं देता येईल."

चंद्रावतीला आयुष्यात कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं. मासळीवाली असूनही. शिळी मासळी तिने कधी ताजी म्हणून विकली नव्हती. तिचा आवाज चढला. "माझ्या लेकीच्या गळ्याची शपथ! माझी सीता कुडाळला दिलेली आहे, तिला तिसरा महिना आहे. तिची शपथ घेऊन सांगते. माझ्या नवऱ्याने दारूला हात लावलेला नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं. ती शपथ त्यांनीही खरी मानली असावी.

बाहेर बाकावर बाबली बसला होता. आवाज बाहेर ऐकू गेला होताच. तो खाली बघत होता. "कित्याक गो पोरीची शपथ घातलंस?" तो हळूच म्हणाला.

"मगे काय करू? तुमका दारुडो म्हणतत ते. मी आयकान घेऊ?"

होडीत सगळा वेळ तो पाण्याकडे बघत बसला होता. आपल्यासाठी बायकोने एवढी मोठी शपथ घेतली म्हणून त्याला भरून आलं असेल, असं चंद्रावतीला वाटलं.

घरी आल्यावर तिचा राग डॉक्टरांवरून उतरला आणि राखणदारावर जाऊन बसला. सहा महिने वाटा दिला. पावसात, अंगात ताप असताना, खाडीला उधाण असताना दिला. आणि तो काय करतो? नुसतं घेतो? दुसऱ्या दिवशी, बुधवारी, भर दुपारी ती तरातरा केवड्याच्या बेटातून गेली. दिवसाढवळ्या बायकांनी तिकडे जायची रीत नव्हती. ती रीतही तिने त्या दिवशी मानली नाही.

"काय रे," ती दगडासमोर उभी राहून म्हणाली, "माझा काय चुकला? एक तरी दिवस चुकवलंय? तुका इतक्यो बाटल्यो पाजलंय, आनी माझो घोव फुगता? दुसऱ्या कोणी दिल्यान काय तुका जास्त?"

दगड काय बोलणार. पावसाची भुरभुर होती. बोलून बोलून ती दमली, खाली बसली आणि दगडाच्या बुंध्याशी हात टेकला.

हात ओल्या गवतात गेला. दाट, कोवळं, लुसलुशीत गवत. दगडाच्या पुढ्यात तर सगळ्यात दाट.

ती तशीच बसून राहिली. ती भट्टीवाल्याची लेक होती. बापाच्या भट्टीत पहिल्या धारेची दारू जिथे सांडायची तिथे वर्ष-वर्ष गवत उगवत नसे, हे ती परकर नेसायची तेव्हापासून बघत आली होती. बाप म्हणायचा, "बघ गो, जमीन करपता, मगे माणसाच्या आतड्याचा काय होत असतला." आणि इथे सहा महिने, आठवड्याला तीन बाटल्या पडल्या होत्या म्हणे. तिने गवत उपटलं. मुळं पांढरी, निरोगी. माती नाकाला लावली. मातीला मातीचाच वास होता.

राखणदाराला एक थेंबही पोचला नव्हता.

माणसाला कळतं आणि तरी कळून घ्यायचं नसतं, अशी एक वेळ असते. ती घरी आली. चुलीवर सुंगटं भाजली. चार राखणदाराची, बाकीची जेवणाला. मग खाडी ओलांडून धोंडूकडून बाटली आणली. तो नेहमीसारखाच बोलला. तरीवरचा पोलीस नेहमीसारखाच हसला, "राखणदार खूश आसा मां?" रोजच तो असा हसायचा का, हे तिला आठवेना.

तिन्हीसांजेला तिने बाटली ठेवली, सुंगटं ठेवली, विडी ठेवली. हात जोडले. वळली. पंचवीस पावलांवर केवड्याचं बेट होतं. त्याच्या आड गेल्यावर ती थांबली. आतून कोणीतरी सांगत होतं, बघू नको, बघितलंस तर त्याच्यावर उलटेल.

तिने मागे वळून बघितलं.

धोंडू आधीच बाटलीपाशी बसला होता. तिच्या मागच्याच होडीने आला असणार. उंडीच्या मागून बाबली बाहेर आला, पोट सावरत, झाडाला धरून. खाली बसताना त्याने दगडाला पाठ लावली, जशी घरातल्या भिंतीला लावतात.

"आज चंद्रान उशीर केल्यान रे," तो म्हणाला. "माझो जीव वर इल्लो."

"येतली ना मेल्या, खंय जाता?" धोंडू बूच काढत म्हणाला. "कोंबडो आरवाक चुकात, पण माझी भैण चुकूची नाय."

दोघे हसले. बाबलीने दोन्ही हातांनी पेला धरला आणि प्यायला. मग चंद्रावतीच्या हातचं भाजलेलं एक सुंगट त्याने उचललं आणि सोललं. "मीठ कमी आसा आज," तो म्हणाला.

चंद्रावती घरी आली. बाबली आला तेव्हा तोंडात लवंग होती. ती लवंगही रोजचीच होती. दात दुखतो म्हणून तो खायचा आणि ती आणून द्यायची. पेज वाढताना तिने विचारलं, "राखणदारान घेतल्यान असतला मां?"

"घेतल्यान असतला," तो वाटीत बघत म्हणाला. "देव तो."

सकाळी धोंडू रिकामी बाटली घेऊन आला. "घेतल्यान गो."

"होय," चंद्रावती म्हणाली.

शुक्रवारी तिने पुन्हा बाटली आणली. बाबलीसाठी तिने मनाशी एक शेवटची संधी ठेवली होती. तो त्या दिवशी घरीच बसला, जमत नाही म्हणाला, तिच्याकडे बघून काहीतरी बोलला, तर ती काही विचारणार नव्हती. पण दुपार कलली तसा तो उठला. "वाईच पाय मोकळे करून येतंय," म्हणाला आणि काठी घेऊन गेला. ज्या माणसाला परसात जायला धाप लागायची तो उंडीपर्यंत जात होता.

ती उंडीखाली पोचली. बाटली टोपलीतून काढली, पण खाली ठेवली नाही.

"येवा भायर," ती झाडाकडे बघून म्हणाली. "थंय मागे चिखल आसा. पाय घसरतलो तुमचो."

आधी झाडामागून काठी दिसली. मग बाबली बाहेर आला. केवड्यापलीकडून धोंडूही आला आणि तिला बघून जागीच थांबला.

"तू मागे बघलंस?" बाबली म्हणाला. त्याच्या आवाजात खरीच भीती होती. "चंद्रा, मागे बघलंस तू? राखणदार खवळतलो गो!"

"खवळूंदे. सहा म्हयने उपाशी आसा तो. आज पयल्यांदा तेका गावतला."

"बाय, आयक," धोंडू पुढे आला. "तिसऱ्या दिवशी तो कुर्ल्यो पकडूक लागलो, तेव्हा तू रडत माझ्याकडे इलंस ना? मी बापाशीच्या भट्टीवर असली माणसां बघलेली हत. एकदम सोडली की मरतत. वाईच दिली नसती तर तो त्याच रातीक गेलो असतो."

"मगे माका सांगूक व्हया होता."

"तू दिली असतंस?"

"नाय. डाक्टराकडे नेलं असतं."

"म्हणानच नाय सांगलंय."

"बरा. त्या दिवशीची एक बाटली मी तुका माफ करतंय, दादा. जीव वाचवलंस. पण तेच्या नंतर? म्हयन्याक बारा बाटल्यो?"

धोंडूने कानामागची विडी काढली आणि परत तिथेच ठेवली.

"आनी माझ्या हातान कित्याक?" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तू हाडून दिली असतंस तेका. चोरून दिली असतंस. ह्या तोंडाक माझा भाजलेला सुंगट, माझ्या हातची बाटली, माझे जोडलेले हात, ह्या सगळा कित्याक व्हया होता तुमका?"

धोंडूने खाली बघितलं. "पोलीस माझी बाटली अडवता," तो म्हणाला. "राखणदाराची अडवणा नाय."

एवढंच उत्तर होतं. ती अजून काहीतरी मोठं ऐकायच्या तयारीत होती. बहिणीची कीव, मेहुण्यावरची माया, काहीतरी. पण एवढंच होतं. तिची टोपली सोयीची होती.

"तुमी?" ती नवऱ्याकडे वळली. "डाक्टराच्या दारात मी पोरीची शपथ घातलंय. भायर बसान आयकलात. तेव्हा तरी?"

बाबलीचे ओठ हलले. डोळ्यांतून पाणी आलं. पौषात तुळशीपुढे आलं होतं तसंच. पण त्याची नजर तिच्या तोंडावर नव्हती. बाटलीवर होती.

"सोडतंय," तो म्हणाला. "उद्यापासून. आज एक घोट दी. मगे ओत."

चंद्रावतीने बूच काढलं. बाटली दगडावर तिरकी धरली. पहिल्या धारेची दारू दगडावरून खाली गवतात गेली, आणि तो वास उठला, तिच्या बापाच्या अंगणातला, तिच्या लग्नातला. बाबलीने हात पुढे केला आणि मागे घेतला. धोंडू म्हणाला, "बाय, पुरे." ती थांबली नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिने बाटली धरून ठेवली.

मग बाबली गुडघ्यावर बसला. ओल्या दगडावर तळहात दाबून धरला आणि बोटं तोंडात घातली. एकेक बोट.

धोंडूने मान फिरवली. चंद्रावतीने फिरवली नाही. तो थांबेपर्यंत ती बघत उभी राहिली. मग त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, काठी हातात दिली आणि घरी नेलं.

सकाळी पहिल्या होडीने ती त्याला घेऊन मालवणला गेली. "डॉक्टर, माझी शपथ खोटी होती," ती उभ्यानेच म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. दौतीत टाक बुडवून त्यांनी कागद पुढे ओढला. "किती पीत होते? अंदाजे?"

"अंदाजे नको. आठवड्याच्या तीन बाटल्या. अर्धी माझ्या भावाची, अर्धी त्यांची. पौषापासून."

"एवढं नेमकं कसं ठाऊक?"

"मीच नेऊन देत होते."

डॉक्टरांचा टाक थांबला. शाई कागदावर पसरली. "हे मला लवकर कळायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मग दुसरा कागद घेतला.

त्यांनी बाबलीला ठेवून घेतलं. पाणी काढलं, सुया दिल्या. हात पुन्हा थरथरले, पण या वेळी त्यावर औषध होतं, आणि कुर्ल्या दोन दिवसांत गेल्या. तेवढं बघून चंद्रावतीला कळलं की पौषातही हे असंच होऊ शकलं असतं. नारळी पौर्णिमेला बंदरावर माणसं सोन्याचा मुलामा दिलेला नारळ घेऊन जात होती तेव्हा बाबली दवाखान्याच्या खिडकीशी बसून ते बघत होता. डॉक्टरांचा शब्द त्याने तेवढा खोटा पाडला. त्यानंतर आठव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली आणि तो गेला. जाण्याआधी तो तिला काहीतरी सांगत होता. तिने कान जवळ नेला. तो पाणी मागत होता.

धोंडूने खांदा दिला. चंद्रावतीने त्याला अडवलं नाही.

दिवाळीत भाऊबीजेला सावित्री एकटीच आधी आली. पायरीवर बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "वन्सं, मी एकदा सांगूक बघलंय तुमका."

"सांगलंस, वयनी. मीच आयकाक नाय."

"ते येतत मागसून. सकाळपासून जेवाक नाय. ववाळशात?"

समुद्र उघडला होता, होड्या आल्या होत्या, बाजाराची वेळ झाली होती. चंद्रावतीने टोपली डोक्यावर घेतली. बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, धोंडू उभा होता, नवं धोतर नेसून, हातात बहिणीसाठी लुगडं. तो बाजूला झाला. ती त्याच्या अगदी जवळून गेली.

"बाय," तो म्हणाला. ती चालत होती. "चंद्रा, एकदा बघ तरी माझ्याकडे!"

ती तशीच वाटेला लागली.

"मागे वळान बघूचा नाय," ती पुढे बघतच म्हणाली. "तूच शिकवलंस, दादा."